ताटातला मुलूख

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर तत्त्वज्ञान, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय शोभतात. त्यांच्या पंक्तीत 'हॉटेलातले जेवण आणि त्याची पारख' हा विषय पाहून काही श्रोत्यांना आश्चर्य वाटले असेल. गाण्याच्या बैठकीत सूर लागला की नाही हे आपण निःसंकोच सांगतो, नाटक पडले की चढले यावर रात्र जागवतो. पण जेवणाची गोष्ट निघाली की 'ज्याची त्याची आवड' म्हणून विषय संपवतो. आवड ज्याची त्याची हे खरेच. परंतु आवड आणि पारख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याला कारले आवडत नसले, तरी समोरचे कारले नीट केले आहे की बिघडले आहे हे सांगता येते. हे सांगता येणे म्हणजे पारख. ती शिकता येते, शिकवताही येते, आणि तिचे परिणाम आपल्या जिभेपुरते राहत नाहीत, असे आमचे प्रतिपादन आहे.

उदाहरणासाठी आम्ही पॅरिस किंवा लखनौ निवडलेले नाही. पालघर जिल्ह्यातील कासा हे गाव निवडले आहे. मुंबई–अहमदाबाद महामार्गावरच्या चारोटी नाक्याजवळचे हे बाजाराचे गाव. येथून एक वाट पश्चिमेला डहाणूच्या समुद्राकडे जाते, दुसरी पूर्वेला जव्हारच्या डोंगरांत चढते, आणि महामार्ग उत्तरेला तलासरी ओलांडून गुजरातेत शिरतो. विवळवेढ्याची महालक्ष्मी येथून जवळच. चैत्री पौर्णिमेला तिची मोठी यात्रा भरते. समुद्र, डोंगर, महामार्ग आणि सरहद्द अशा चार गोष्टी जेथे तास-दीड तासाच्या अंतरात आहेत, तेथे जेवणाची विविधता किती असावी! आता प्रत्यक्षात काय दिसते ते पाहू.

महामार्गाच्या कडेच्या कोणत्याही मोठ्या हॉटेलात बसावे आणि पदार्थांचे पत्रक उघडावे. पनीरचे पाच प्रकार, काळी डाळ, तंदुरी रोटी, नूडल्स, डोसा, पावभाजी. हेच पत्रक आपल्याला नागपूरच्या वाटेवर मिळेल, बंगळूरच्या वाटेवरही मिळेल. याचा दोष एकट्या हॉटेलवाल्याच्या माथी मारणे न्यायाचे नाही. त्याचे गिऱ्हाईक वाटसरू आहे. ते घाईत आहे, भुकेले आहे, मुलाबाळांसह आहे आणि अनोळखी पदार्थावर पैसे घालवायला तयार नाही. कांदा-टोमॅटोचा एकच रस्सा सकाळी मोठ्या पातेल्यात करून ठेवला, की त्यात पनीर घालून एक भाजी, वाटाणा घालून दुसरी, कोंबडी घालून तिसरी, अशी दहा मिनिटांत वीस नावे तयार होतात. व्यापाराच्या दृष्टीने ही युक्ती बिनतोड आहे. मात्र तिच्यामुळे असे होते, की आपण दोनशे कोस प्रवास करतो आणि आपली जीभ घरच्या नाक्यावरच राहते.

याच हॉटेलांपैकी कित्येकांच्या भिंतीवर पांढऱ्या रेषांची वारली चित्रे असतात. तारपा वाजवणारा, त्याच्याभोवती फेर धरून नाचणारे स्त्री-पुरुष, ताडावर चढलेला माणूस. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला जगापुढे नेली. 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि 2018 साली ते वारले. मुळात ही चित्रे लग्नाच्या वेळी सुवासिनी झोपडीच्या भिंतीवर काढीत, आणि त्यांचा पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असे. म्हणजे भिंतीवर तांदूळ वारल्यांचा, आणि त्याच भिंतीखाली ताटात मात्र वारल्यांचे काहीही नाही! डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत बहुसंख्य वस्ती आदिवासींची आहे. ज्या मुलखात जे लोक बहुसंख्य, त्यांचेच अन्न त्या मुलखाच्या उपाहारगृहात मिळत नाही. या विसंगतीचा विचार करण्यासाठीच आजचा विषय घेतला आहे.

प्रथम पारखीचा इतिहास थोडक्यात पाहू. बाराव्या शतकात चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ सिद्ध केला; त्यात राजाच्या अनेक उपभोगांत अन्नाच्या उपभोगालाही जागा आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर सरदारांचे आचारी रस्त्यावर आले, पॅरिसमध्ये उपाहारगृहे वाढली, आणि कोठे चांगले मिळते हे सांगणारी माणसे पुढे आली. ग्रिमो द ला रेनिएर याने 1803 साली खवय्यांचे वार्षिक काढायला आरंभ केला. पुढे 1900 साली मिशलँ या टायर करणाऱ्या कंपनीने मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शक पुस्तिका काढली. लोकांनी मोटारी अधिक फिरवाव्यात, म्हणजे टायर अधिक झिजतील, हा त्यातला सरळ व्यापारी हिशेब. 1926 पासून तिने चांगल्या भोजनगृहांना तारे द्यायला सुरुवात केली, आणि 1936 साली त्या ताऱ्यांचा अर्थ छापला. एक तारा म्हणजे आपल्या वर्गात उत्तम. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे. तीन तारे म्हणजे केवळ त्यासाठी प्रवास करावा असे. या कसोटीत एक मार्मिक गोष्ट आहे. येथे झुंबरे किंवा खुर्च्यांच्या गाद्या मोजलेल्या नाहीत. 'हे खाण्यासाठी वाट वाकडी करावी काय?' एवढाच प्रश्न आहे. जे सर्वत्र मिळते त्यासाठी वाट वाकडी कोण करील?

परंतु आपल्याकडची एक कसोटी याहून जुनी आणि आमच्या मते अधिक सखोल आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आहाराचा विचार आठ अंगांनी करावा असे सांगितले आहे: प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. सोप्या मराठीत सांगायचे तर पदार्थ मुळात कसा आहे, त्यावर संस्कार कोणता केला, कशाबरोबर तो जुळवला, किती वाढला, कोणत्या भूमीतला आहे, कोणत्या ऋतूतला आहे, कोणत्या रीतीने खाल्ला, आणि खाणारा कोण आहे. चरकाचा हेतू आरोग्याचा होता. तरीही हे आठ प्रश्न चवीच्या न्यायासनावर बसवले तर ते तितकेच चोख काम देतात. ते आपण कासा-डहाणूच्या पदार्थांना लावून पाहू.

प्रकृती आणि करण यांसाठी बोंबील घेऊ. ओल्या बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच. म्हणून तो कालवणात क्षणभर अधिक शिजला की विरघळतो, आणि तळायचा तर आधी दाबून त्याचे पाणी काढावे लागते. डहाणूच्या किनाऱ्यावर हाच बोंबील वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, उन्हात टांगून वाळवतात. मग तोच मासा निराळ्या चवीचा होतो, महिनोन्महिने टिकतो आणि डोंगरातल्या बाजारापर्यंत चढतो. तळलेला बोंबील बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखा मऊ असेल, तर करणाऱ्याने माशाची प्रकृती ओळखली. आतून पाणी सुटले तर घाई केली. आतून चिवट निघाला तर मासा शिळा, नाहीतर पुन्हा तळलेला. येथे आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही.

संयोगाचे उदाहरण शेवळांचे घ्यावे. मृगाच्या सुमारास रानात जमिनीतून हे जांभळट कोंब वर येतात. नुसते शिजवून खाल्ले तर घशाला असह्य खाज सुटते. म्हणून त्यांच्याबरोबर काकड नावाची आंबट रानफळे घालतात. बाजारात शेवळे विकणारी बाई त्यांचा वाटा बरोबरच देते. आंबटाने खाज मरते आणि भाजीला चवही येते. ज्या कोणा बाईने प्रथम ही जोडी जुळवली, तिची बुद्धी पॅरिसच्या आचाऱ्यापेक्षा कमी होती असे कोण म्हणेल?

देश आणि काल ही दोन अंगे तर प्रादेशिक जेवणाचा कणाच होत. फ्रेंच लोक द्राक्षमद्याबद्दल बोलताना माती, उतार, ऊन यांचा मोठा अभिमान बाळगतात, आणि 1935 पासून त्यांनी मुलखाच्या नावाला कायद्याचे संरक्षण दिले आहे. आपल्याकडेही आता तसा कायदा आहे. त्याखाली डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 साली आणि वाडा कोलम तांदळाला 2021 साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु या मुलखातल्या भोजनगृहात बसून 'तांदूळ कुठला?' असे विचारणारे गिऱ्हाईक किती? पहिल्या पावसाबरोबर येणारी कोळूची भाजी, पावसाळ्यातली करटोली आणि बांबूचे कोंब, थंडीतली उकडहंडी. या शेवटच्या पदार्थात कोनफळ, रताळी, वांगी, पापडीच्या शेंगा मडक्यात भरून, तोंड पाल्याने बंद करून जाळावर भाजतात. सरहद्दीपलीकडे बलसाडच्या बाजूला हाच प्रकार 'उबाडियुं' नावाने महामार्गाच्या कडेला विकला जातो, आणि लोक मोटारी थांबवून खातात. तिकडे तो धंद्याचा पदार्थ झाला, इकडे तो बराचसा घरगुतीच राहिला.

उपयोगसंस्था, म्हणजे खाण्याची रीत, हिचे उत्तम उदाहरण पारश्यांचे. संजाण आणि उदवाडा ही त्यांची पूज्य स्थाने सरहद्दीच्या लगेच पलीकडे आहेत. डहाणू-घोलवड-बोर्डीच्या चिकूच्या वाड्या पारशी आणि इराणी कुटुंबांनी जोपासल्या. महामार्गावर काही ठिकाणी पारशी पद्धतीचे जेवण मिळते, आणि वाटसरू हौसेने धानसाक मागवतो. धानसाक हा रविवारच्या दुपारी खाऊन झोपण्याचा पदार्थ. शिवाय मृत्यूनंतर चौथ्या दिवशी तो करण्याचा प्रघात असल्यामुळे पारशी घरात शुभकार्याला तो केला जात नाही. हे ठाऊक असलेला माणूस तो अधिक समजून खातो. चवीत फरक पडत नाही म्हणावे, तर सुतकातले पिठले आणि लग्नातले पिठले आपल्याला सारखे का लागत नाही?

आता पेयांकडे वळू. 'वाइन' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांपुढे द्राक्षे येतात, आणि नाशिकच्या बाजूला गेल्या पाव शतकात द्राक्षमद्याचा धंदा चांगला वाढला आहे. परंतु कासा परिसराचे स्वतःचे मद्य ताडाच्या आणि शिंदीच्या झाडावरून उतरते. ताडाच्या कणसाला रोज पातळ काप देऊन त्याखाली मडके बांधतात. मडक्यात चुना लावला आणि सूर्योदयापूर्वी उतरवली तर ती नीरा: गोड, स्वच्छ, मादकता नसलेली. चुना नसेल तर हवेतले किण्व आपोआप कामाला लागते, दिवस वर येईल तशी साखर कमी होते, मद्यार्क वाढतो आणि ताडी होते. दिवसभरात ती साधारण बिअरच्या तोडीला येते. आणखी ठेवली की शिरका. म्हणजे एकाच मडक्यातला एकच रस सकाळी सरबत, दुपारी मद्य आणि परवा शिरका असतो. ज्या पेयाचे वय तासांत मोजावे लागते, त्याची पारख वर्षांत मोजल्या जाणाऱ्या मद्यापेक्षा सोपी नाही. याच ताडीने पीठ आंबवून पारशी भाखरा करतात. तेव्हा ती स्वयंपाकघरातही मानाने वावरते.

ताजी ताडी पांढुरकी, फेसाळ, गोडसर-आंबट असावी. गोडी आहे पण आंबट अजिबात नाही आणि तरी डोके जड होते, अशी असेल तर संशय घ्यावा. कारण पाणी, कृत्रिम गोडी आणि क्लोरल हायड्रेटसारखे गुंगीचे औषध घालून ताडी 'तयार' करण्याचे प्रकार महाराष्ट्रात वारंवार उघडकीस आले आहेत. येथे जिभेची मर्यादाही सांगितली पाहिजे. गाळलेल्या दारूत मिसळलेला मिथेनॉल चवीने ओळखता येत नाही. 2015 साली मुंबईत मालवणीला अशा दारूने शंभराहून अधिक माणसे मेली. तेव्हा चोरून विकल्या जाणाऱ्या दारूबाबत पारखीचा पहिला आणि शेवटचा नियम एकच: ती पिऊ नये.

अलीकडे बोर्डीच्या बाजूला चिकूपासून फळमद्य करण्याचा उद्योगही निघाला आहे. चिकू गोड भरपूर, पण आंबटपणा कमी. म्हणून त्याचे मद्य जिभेवर सुस्त पडते की उठून उभे राहते, हे पाहावे. द्राक्षमद्याच्या बाबतीत आपल्या षड्रसांतला कषाय, म्हणजे तुरट रस, उपयोगी पडतो. तांबड्या मद्यातला तुरटपणा मसालेदार कालवणाचा तिखटपणा वाढवतो, आणि त्यातले लोह माशाच्या तेलाशी मिळून तोंडात धातूसारखी चव आणते. म्हणून बोंबलासमोर तांबडे मद्य ठेवणाऱ्या वेटरला नम्रपणे परत पाठवावे. त्या जागी ताकही शोभेल.

परंतु या मुलखात मद्याची चर्चा चवीपाशी थांबत नाही. वारली आणि इतर आदिवासी मोहाच्या फुलांची दारू घरीच गाळीत. देवाला, लग्नाला, मर्तिकाला ती लागे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने हा हक्क आवळला, झाडांवर कर बसला. 1892 च्या मोहाविषयीच्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावरही निर्बंध आले. ज्याच्या दारात मोहाचे झाड त्याने दारू मात्र ठेकेदाराच्या दुकानातून, रोख नाहीतर उधारीवर घ्यायची, असा हा न्याय. कर्ज, जमीनदारी आणि वेठबिगार यांच्याबरोबर दारूच्या दुकानानेही या माणसाला पिळले. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकर यांच्या साथीने वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध जो उठाव केला, तो याच तलासरी-डहाणूच्या भूमीत. पुढे 1949 चा दारूबंदी कायदा आला. 1960 साली दोन राज्ये झाल्यावर महाराष्ट्राने तो हळूहळू सैल केला, गुजरातेत बंदी चालू राहिली, आणि पलीकडे 1961 पर्यंत पोर्तुगीजांकडे असलेल्या दमणचा नियम तिसराच. एकच ताडाचे झाड, पण त्याच्या रसाची प्रतिष्ठा सरहद्दीप्रमाणे बदलते! तेव्हा 'आदिवासी पितो' असे हॉटेलात बाटलीसमोर बसून म्हणणाऱ्या गृहस्थाने, पिण्याचा परवाना कोणाला आणि शिक्षा कोणाला, हा हिशेब एकदा पाहावा.

तर मग वारली जेवण पत्रकावर का येत नाही? पहिले कारण उघड आहे: हॉटेल काढायला भांडवल आणि रस्त्याकडेची जागा लागते, आणि ती त्यांच्या हाती नव्हती. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. नागलीची भाकरी, आंबील, उडदाचे वरण, सुकट यांवर गरिबीचा शिक्का बसला. पाहुण्याला हे कसे वाढायचे, असा संकोच खुद्द करणाऱ्याच्या मनात निर्माण झाला. आता शहरातल्या डॉक्टरांनी नागलीची शिफारस केल्यापासून वारे फिरले आहे. पण ज्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या जपली त्यांच्या पदरी त्याचा मोबदला पडतो की नाही, हा प्रश्न शिल्लकच आहे.

येथे भाबडेपणाही टाळला पाहिजे. रानातले सगळेच खाणे हौसेचे नव्हते. कडूकंद नावाचा कंद विषारी कडू असतो. त्याच्या चकत्या करून, राखेबरोबर उकडून, वाहत्या पाण्यात ठेवून मगच तो खाता येतो. पावसाळ्यात घरातले धान्य संपल्यावर माणसे हे खटाटोप करीत. अशा पदार्थाला 'अस्सल चव' म्हणून टाळ्या वाजवण्याआधी तो का खावा लागला हे जाणून घेणे, हाही पारखीचाच भाग आहे. चरकाचे आठवे अंग 'उपयोक्ता' आपण खाणाऱ्यापुरते घेतो. आमच्या मते त्यात रांधणाऱ्याचीही भर घातली पाहिजे.

श्रोत्यांना व्यवहारी सूचना हव्या असतील तर त्या चारच आहेत. जेथे पत्रक लांब, तेथे कमी अपेक्षा ठेवावी. ज्याला चार पदार्थ येतात तो ते चार बरे करतो. वेटरला 'इथले काय आहे?' आणि 'आज ताजे काय आले?' हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर आले नाही तर तेही एक उत्तरच आहे. पहिला घास मीठ-तिखट वर न घालता खावा, आणि नावडले तर नावडले का, हे आठांपैकी एका अंगावर बोट ठेवून सांगावे. आणि जे चांगले लागले त्याची स्तुती पैसे देताना मालकाच्या कानावर घालावी. कारण मालक गल्ल्यावरच शहाणा होतो. पन्नास गिऱ्हाइकांनी शेवळांची चौकशी केली, तर पुढल्या मृगात कासाच्या बाजारात बसणाऱ्या बाईची टोपली दुपारपूर्वी रिकामी होईल.

आपण ज्याला चव म्हणतो, ती अखेर कोणाच्या तरी श्रमाला दिलेली दाद असते. ती कोणाला द्यायची हे ठरवण्याचा अधिकार जेवणाऱ्याच्या हाती आहे, आणि तो अधिकार आपण रोज, फारसा विचार न करता, वापरीत असतो. तो विचारपूर्वक वापरावा, एवढीच आमची विनंती आहे.